बंदुकीविना बंदुकीची होडी: एका इंग्रजी आराखड्याचा अनुभव

पाचपैकी साडेतीन. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी कौतुकही भरपूर करणार आहे आणि कुरकुरही. शेवटी बेरीज काय लागली ते कुणी शोधत बसायला नको.

वस्तू म्हणजे सात कागदांचा आराखडा. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांत आणि दलदलीत बदकं मारायला जी चपटी होडी वापरतात, तिला तिकडे पंट म्हणतात. ही एका माणसाची, अठरा फुटी. पाच कागद होडीचे, एक काठ्या-वल्ह्यांचा आणि सातवा बंदुकीचा. आराखडे काढून विकणारा गृहस्थ एकटाच हा उद्योग करतो आणि पत्राला उत्तर देतो, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. टपालखर्चासकट मला ६,५०० रुपये पडले.

मी गोव्यात माशेलला राहतो. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला शिकवण्यात नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर घरामागच्या खोलीत लेथ आणि वर्कबेंच टाकून बसलो. पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद त्याआधीपासूनचा. आमच्या बाजूच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, आत जी पोंय, म्हणजे तळी, आहे, तिथे नोव्हेंबरनंतर तलवार बदकं, भुवई बदकं उतरतात. अडया तर बारा महिने. बांधावरून फोटो काढायला गेलं की माणसाची उभी आकृती त्यांना दोनशे पावलांवरून कळते. मग वाटलं, जी होडी बदकांना दिसू नये म्हणूनच शेकडो वर्षं घासून-पुसून आकाराला आणली, तीच का करू नये? बंदुकीच्या जागी कॅमेरा. कल्पना काही माझी एकट्याची नव्हे. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या कॅप्टन स्कॉटचा मुलगा पीटर स्कॉट तरुणपणी असल्याच होड्यांतून शिकार करायचा. पुढे त्याने बंदूक सोडली, १९४६मध्ये स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली, आणि १९६१मध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड उभा राहिला त्याचा पांडा त्याच्याच हातचा.

सातव्या कागदाबद्दल आधी बोलतो, कारण लोक तेच विचारतात. ती बंदूक म्हणजे आपल्याकडे शेतकऱ्याला रानडुकरांसाठी लायसन्सवर मिळते आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, तसली नव्हे. नळी आठ फुटांची, आतला व्यास दीड इंच. नेहमीच्या बारा बोअरच्या काडतुसात साधारण तीस ग्रॅम छर्रे असतात. हिच्या एका बारात पौंडभर, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. वजन चाळीस किलोच्या आसपास. ही खांद्याला लावायचा प्रश्नच नाही. ती होडीच्या पुढच्या भागावर लांबीत पडून असते आणि मागच्या टोकाकडून निघालेला जाड दोर नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) लाकडातून आरपार ओवलेला असतो. बार उडाला की झटका त्या दोराने नाळेवर येतो आणि अख्खी होडी मागे सरकते. नेम धरायचा म्हणजे होडीच वळवायची. माणूस पोटावर पालथा, हनुवटी जवळजवळ नळीच्या पातळीला. ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याने नळीला पावणेदोन इंचांची मर्यादा घातली आहे आणि त्या मर्यादेत हा प्रकार तिकडे अजून चालतो.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, आणि परवान्याशिवाय घरी बंदूक घडवणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली सरळ गुन्हा. टर्नरला तो कागद बघून हात शिवशिवले नाहीत असं म्हटलं तर खोटं होईल. ब्रीचचे (नळीच्या मागच्या तोंडाचे) आटे, त्यांची टॉलरन्स, सगळं फार सुरेख काढलंय. दोन दिवस बघत बसलो. मग घडी घातली आणि कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवला. म्हटलं, संपला विषय. तो संपला नव्हता, पण ते पुढे.

होडीचे पाच कागद मात्र उघडल्यापासून खूश करतात. प्रत्येक फुटावर आडवा छेद, प्रत्येक छेदाला तीन मापं, आणि मापं खरी. माझा आयटीआयचा अनुभव असा की छापील ड्रॉइंगवर दहातलं एक माप तरी दुसऱ्याशी भांडतं. इथे चाळीसेक मापं मी उलटसुलट तपासली, एकही भांडलं नाही. बुडाला लांबीत जो हलका बाक आहे, केळीच्या सालीसारखा, त्यासाठी वेगळी पट्टीच काढून दिलीय: खिळे कुठे मारायचे, लवचीक पट्टी कशी टेकवायची, पेन्सिल कुठल्या बाजूने फिरवायची. आमचे मेस्त, म्हणजे सुतार, हे बघून म्हणाले, "हो मनीस स्वता होड्यो करता." त्यांच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही. फूट-इंचात आहे, पण आपल्याकडे सुतारकामाला अजून फूट-इंच आणि सूतच चालतं, त्यामुळे अडलं नाही.

मेस्तांनी पहिल्या दिवशी एकच शंका काढली होती. कागद उलटा-सुलटा करून म्हणाले, "हिका पठाण ना?" नाही, हिला पठाण, म्हणजे बुडाखालचा कणा, नाही. बूड सपाट, आडव्यात जरासं फुगीर, बस्स. तीन इंच पाण्यात चालते ती त्यामुळेच. आपल्या होडीला पठाण नसलं तर ती होडी नाही, ती पेटी, असं त्यांचं मत, आणि होडी पाण्यात गेल्यावरही ते पूर्ण बदललेलं नाही.

जागेचं सांगतो, कारण आराखड्यावर 'किमान बावीस फुटांची वर्कशॉप' असं लिहिलंय आणि त्याने अनेकांचा धीर सुटेल. माझी खोली सोळा बाय नऊ. बायकोने टेप लावून दाखवलं की होडी मावत नाही. मी शाळेतला पायथागोरस काढला: सोळाचा वर्ग दोनशे छप्पन्न, नऊचा एक्याऐंशी, बेरीज तीनशे सदतीस, वर्गमूळ अठरा फूट चार इंच. होडी दोन्ही टोकांना निमुळती असल्यामुळे कोपऱ्यात टोकं बसतात, मधला तीन फुटी फुगवटा खोलीच्या मधोमध येतो. दोन्हीकडे दोन-दोन इंच सोडून तिरकी बांधली. पलीकडच्या बाजूला जायचं तर होडीखालून सरपटत जावं लागे. बाहेर काढताना दार कोपऱ्याजवळ होतं म्हणून सुटलो; ते भिंतीच्या मध्यावर असतं तर आज ही खोलीच होडीची कायमची पेटी झाली असती.

आता प्लायवुड. इथे आराखडा पहिल्यांदा तोंडघशी पाडतो. बुडाला नऊ मिलिमीटर, बाकी सगळ्याला सहा, आणि लाकूड गाबून. गाबून हे आफ्रिकेतलं हलकं लाकूड, युरोपात होड्यांचं प्लाय त्याचंच मिळतं. आपल्याकडे आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय बहुतेक गर्जनाचं, चांगलंच जड. आराखड्यात तयार होडीचं वजन साठ किलो दिलंय. माझी भरली चौऱ्याऐंशी. हे आधी कळलं असतं तर वरच्या डेकला चार मिलिमीटर घेतलं असतं. पर्यायी लाकडांचं साधं कोष्टक एका कोपऱ्यात दिलं असतं तरी चाललं असतं.

प्लाय विकत घेतानाची गोष्ट आराखड्याची चूक नव्हे, पण सांगायलाच हवी. पहिल्या दुकानातून आणलेल्या प्लायवर ७१०चा शिक्का ठसठशीत होता आणि दर मात्र फार गोड होता. ७१०च्या चाचणीत प्लायचे तुकडे ७२ तास उकळतात आणि थर सुटता कामा नयेत. घरी एवढं कोण करतो? मी चार बोटं रुंदीचे तुकडे कापून जुन्या टोपात घातले आणि मागच्या चुलीवर ठेवले. पेजेइतका वेळही लागला नाही म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण दुपारच्या जेवणापर्यंत थर पापडासारखे फुगले होते आणि संध्याकाळी बोटाने उकलता येत होते. दुकानदाराला दाखवले. तो म्हणाला, "तुम्ही शिजवलंत कशाला?" पैसे परत मिळाले नाहीत, ते फळकुट आता कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर आहे. दुसऱ्या ठिकाणचं प्लाय महाग पडलं: सहाचं शीट साधारण २,७०० आणि नऊचं ३,५००. त्याचे तुकडे तीन दिवस दिवसभर उकळले, रात्री पाण्यातच ठेवले, काही झालं नाही. सहाची चार आणि नऊची तीन शीटं लागली. तुम्ही कुठूनही घ्या, पण आधी एक तुकडा मागून टोपात घाला.

शीट आठ फुटी, होडी अठरा फुटी, म्हणजे जोड आलाच. आराखड्यात उतरता जोड दिलाय, जाडीच्या आठपट: नऊला बहात्तर मिलिमीटर, सहाला अठ्ठेचाळीस. या जोडाचं पान म्हणजे सातांतलं सर्वांत उत्तम पान. शीटं पायऱ्यांसारखी एकावर एक रचायची, प्रत्येक वरची शीट बहात्तर मिलिमीटर मागे, आणि रंधा सगळ्यांवरून एकदम चालवायचा. उतार बरोबर येतोय की नाही हे मोजायची गरजच नाही: प्लायचे थर रंध्याखाली पट्ट्यांसारखे दिसू लागतात, एक गडद, एक फिकट. पट्ट्या सरळ आणि एकमेकींना समांतर असल्या तर उतार बरोबर. कुठे पट्टी वाकली तर तिथे रंधा जास्त बसला. मी आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरून शिकवलं. इथे लाकूड स्वतःच मोजून दाखवत होतं. एक सकाळ नुसता तेच करत बसलो, चहा गार झाला.

जोड चिकटवताना खाली प्लास्टिक घालायला सांगितलंय. घातलं. एका ठिकाणी ते सरकलं आणि होडीचं बूड वर्कबेंचच्या फळीला कायमचं चिकटलं. फळी रंध्याने सोलून काढावी लागली. ही चूक माझीच.

इपॉक्सीच्या, म्हणजे हार्डनर कालवून वापरायच्या राळेच्या, बाबतीत हा कागद गोव्यासाठी अगदीच निरुपयोगी आहे. त्यात लिहिलंय, 'खोली गरम ठेवा, हीटर लावा.' मे महिन्यात दुपारी मी मगात तीनशे ग्रॅम मिश्रण कालवलं आणि ब्रश शोधायला वळलो. परत आलो तर मगातून धूर. वापरायला मिळणारी मुदत तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मी होते, आणि खोल भांड्यात स्वतःच्याच उष्णतेने ते आणखी तापतं. नंतर आइस्क्रीमच्या चपट्या डब्यात, दीडशे ग्रॅमच्या वर नाही, आणि हार्डनर स्लो. दुसरी गोष्ट, कोऱ्या लाकडावर पहिला हात सकाळी द्यायचा नाही. दिवस तापत जातो तशी लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि हातावर घामोळं यावं तसे बुडबुडे धरतात. संध्याकाळी, खोली निवत असताना द्या. तिसरी गोष्ट पावसाची. जूनमध्ये दिलेल्या हातावर दुसऱ्या दिवशी मेणचट पांढरट साय आली. ती साध्या पाण्याने आणि घासणीने धुवून काढायची, मगच पॉलिशपेपर. तसंच घासलं तर साय आत रगडली जाते आणि पुढचा हात सुटतो. एवढं सगळं मी सुमारे १०,००० रुपयांच्या इपॉक्सीत शिकलो. आतल्या पट्ट्या सागाच्या, दोन्ही टोकांचे ठोकळे फणसाचे. फणस मेस्तांनी त्यांच्या भाटातला (बागेतला) दिला, तीन वर्षं सुकलेला, पिवळाधमक. त्याचा भुसा इपॉक्सीत कालवून कोपरे भरले. ते अजून हळदीचे भरल्यासारखे दिसतात आणि मला त्यावर रंग द्यायला जिवावर आलं होतं.

सगळा खर्च, आराखडा सोडून, पंचेचाळीस हजारांच्या आत-बाहेर. त्यात खुराड्याचं छप्पर धरलेलं नाही.

आता सातवा कागद परत येतो.

होडी पहिल्यांदा पाण्यात घातली डिसेंबरात, खाजनाच्या कुळांच्या संघटनेला विचारून, पोंयीत. (चोडणचं सलीम अली अभयारण्य, करमळीचं तळं, २०२२ साली पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलेलं कुडचड्याचं नंदा तळं, इथे असली होडी घेऊन जायचं मनातही आणू नका. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाताच येत नाही, आणि तळ्यात होडी घातली की ज्यांना बघायला आलात तेच उठून जातात. कुंभारजुव्याच्या कालव्याला तर बायकोचाच मनाई हुकूम आहे. त्या कालव्यात मगरी आहेत, आणि या होडीत माणूस पाण्यापासून वीतभर उंचीवर पालथा पडलेला असतो. खाजनात मगर येत नाही असं नाही. पौष अमावास्येला बांधावर चिखलाची मगर करून पुजायची पद्धत काही उगाच पडलेली नाही.)

पालथा पडलो, दोन्ही हातांत दोन आखूड काठ्या घेऊन तळ ढकलत निघालो. होडी चालली, पण वेड्यासारखी. नाळ पाण्याबाहेर चार बोटं वर. जरा वारा आला की ती वाऱ्यासोबत फिरे. मी डावीकडे ढकलतोय आणि ती उजवीकडे बघतेय. बारीक लाट आली की वर उचललेल्या नाळेखाली थप्प, थप्प, थप्प. कपडे धुतल्यासारखा आवाज. अडया शंभर मीटरांवरून शिट्ट्या मारत उठल्या. तीन सकाळी हेच. मला वाटलं बुडाचा बाक चुकला. घरी आणून पट्टी लावली. बाक बरोबर. मापं सगळी बरोबर.

चौथ्या दिवशी आंघोळ करताना डोक्यात उजेड पडला. होडी बरोबर आहे. तिच्यातून चाळीस किलो गायब आहेत. आराखड्यातली प्रत्येक रेष ती बंदूक नाळेकडे पडलेली आहे असं धरून काढलेली. तुम्ही म्हणाल, तुमचं प्लाय चोवीस किलो जड झालं, मग वजन भरून निघालं की. निघालं, पण भलत्या जागी. गर्जनाचं वजन सगळ्या होडीभर पसरलं, बंदुकीचं एका जागी पुढे होतं. तराजूच्या दांडीवर मधोमध कितीही ठेवा, पारडं हलत नाही.

कपाटातून सातवा कागद काढला. बंदुकीचा गुरुत्वमध्य त्याने छोट्या चांदणीने दाखवलाय: होडीच्या मध्यापासून चार फूट पुढे. म्हणजे चाळीस गुणिले चार, एकशे साठ. खात्री करायची तर तेवढंच वजन तिथेच ठेवून बघायला हवं. भाचा प्लंबिंगची कामं करतो. त्याच्याकडून मोरीला लावतात तो चार इंची पीव्हीसी पाइप आठ फूट आणला, एका टोकाला टोपण चिकटवलं, रेती भरली, दुसरं टोपण. काट्यावर टाकला: चाळीस किलोला थोडा कमी. तो करडा पाइप बंदुकीच्या खोबणीत असा बसला, जणू तिच्यासाठीच केला होता. तो खरंच तिच्या मापाचा होता, त्यामुळे यात नवल काही नाही.

सकाळी सहाला पोंयीत. पहिल्या दोन ढकलांत कळलं. नाळ खाली बसली, पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी आवाज न करता फाटलं. सरळ गेली. ढकलणं थांबवलं तरी सरळच जात राहिली. वाऱ्याने फिरेना. मी हसलो असेन, कारण भाचा बांधावरून ओरडला, "काय झालं?" त्याच वेळी बांधावरून सायकलीने उंडे (पाव) घेऊन जाणारा पदेर थांबला, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या आठ फुटी करड्या नळीकडे, आणि भोंपू न वाजवताच पेडल मारलं. आठ वाजेपर्यंत 'बांधावर तोफ आलीय' ही बातमी बाजारात पोचली होती. दहाला पंचायतीतून फोन. मी पाइप घेऊन गेलो, टोपण उघडलं, टेबलावर मूठभर रेती ओतून दाखवली. चहा पाजला त्यांनी.

म्हणून कायमचा उपाय दुसरा केला. नाळेकडे डेकखाली, मध्यापासून साडेपाच फुटांवर, खोबरेल तेलाचे पाच लिटरचे सहा रिकामे कॅन आडवे बसतात. पाण्याने भरले की तीस किलो. तीस गुणिले साडेपाच, एकशे पासष्ट. एकशे साठच्या अगदी जवळ. कॅन गळ्यापर्यंत भरायचे, अर्धे ठेवले तर आतलं पाणी डचमळतं आणि नाळ डुलते. पोंयीवर पोचल्यावर भरायचे, निघताना ओतायचे, म्हणजे उचलताना वजन नाही. वाईट एवढंच की त्यासाठी रंगवून तयार झालेल्या डेकला झाकणाएवढं भोक पाडावं लागलं. त्या दिवशी करवत हातात घेऊन पाच मिनिटं नुसता उभा होतो.

माझे दीड गुण कापले जातात त्यातला एक इथला. आराखड्याच्या पहिल्याच पानावर 'फोटोग्राफरांसाठीही उत्तम' असं लिहिलंय. मग बंदूक काढल्यावर पुढे किती वजन घालायचं ही एक ओळ कुठेच का नाही? सातवा कागद ज्याने उघडलाच नाही त्याला हे कळायचा मार्ग नाही. मी पत्र लिहून विचारलं. उत्तर दोन दिवसांत आलं, सज्जनपणाने: मागणी बहुतेक बंदूकवाल्यांची असते, हे ध्यानात आलं नाही, पुढच्या छपाईत घालीन. उरलेला अर्धा गुण गाबून आणि हीटरचा.

बारीकसारीक आणखी. ढकलायच्या लांब काठीच्या टोकाला लोखंडी दुबेळकं दाखवलंय. खाजनाच्या लोण्यासारख्या चिखलात ते वीतभर घुसतं आणि मग होडी पुढे, काठी मागे, तुम्ही मध्ये. टोकाला माडाच्या लाकडाची बशीएवढी चकती ठोकली, प्रश्न मिटला. रंग फिकट करडा-पांढरा सांगितलाय. तो उत्तरेकडच्या हिवाळ्यातल्या धुक्यात लपत असेल. आमच्या शेवाळी पाण्यावर होडी मेलेल्या बगळ्यासारखी दिसते. आता तिला मानशीजवळच्या चिखलाचा रंग आहे. डबा घेऊन चिखलाशेजारी ठेवून मिसळला.

कॅमेऱ्याला बंदुकीच्या खोबणीत पिशवी टेकू म्हणून ठेवतो. पहिली पिशवी बायकोने शिवली आणि त्यात घरातलेच कुळीथ भरले, मऊ बसतात म्हणून. एका सकाळी पाणी आत आलं, पिशवी भिजली, मी ती होडीतच विसरलो. तिसऱ्या दिवशी लेन्स टेकवली तर पिशवी नेहमीपेक्षा जाड आणि कोमट. शिवण उसवून सगळीकडून मोड बाहेर आले होते, बोटभर. आता थर्माकोलचे मणी आहेत.

फोटोंचं विचाराल तर कॅन बसवल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात भुवई बदकांच्या थव्याच्या तीसेक मीटरवर पोचलो. नराच्या डोळ्यावरची पांढरी कोयती कॅमेऱ्याच्या चौकटीत एवढी मोठी आली की मी बटण दाबायचं विसरलो. मग दाबलं. ती उठली नाहीत. काही वेळाने मीच मागे ढकलत निघालो, कारण मानेला वांब आला होता. पालथं पडून मान वर धरायची सवय लागते, असं आराखड्यात लिहिलंय. एकसष्टाव्या वर्षी ती किती दिवसांत लागते, ते लिहिलेलं नाही.

कुणी घ्यावा? ज्याला रंधा धरता येतो आणि जो मापं चुकली तर आधी स्वतःवर संशय घेतो, त्याने. तयार कयाक त्याच पैशांत किंवा कमीत येते, पण तिच्यात बसावं लागतं, आणि बसलेला माणूस बदकांना लांबूनच कळतो. मासे धरायला, कुटुंबाला फिरवायला, सांगोडाला (उत्सवात दोन होड्या जोडून करतात त्या तरंगत्या मंचाला) जोडायला ही होडी नाही. दुसरा माणूस बसला की कडा पाण्याला टेकते. पोहता येत नसेल तर नकोच, आणि येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला. पालथं पडून ते टोचतं, तरी घाला.

पाइप भाच्याने परत नेला नाही. रेती काढून, दोन्ही टोपणं कापून, आमच्या मागच्या पन्हाळीला लावला. या पावसाळ्यात छपराचं पाणी त्यातूनच गेलं.